आपली पायरी कोणती?

मार्च महिना आला की एक बातमी ठरल्यासारखी येते. 20 मार्च हा आंतरराष्ट्रीय आनंद दिन. त्या सुमारास जागतिक आनंद अहवाल निघतो, फिनलंड पहिला येतो (2018 ते 2025, ओळीने आठ वेळा), आपण शंभराच्या पलीकडे कुठेतरी असतो आणि पाकिस्तान आपल्या वर असतो. 2025च्या यादीत 147 देशांत आपण 118वे, ते 109वे. मग दोन दिवस सगळे चिडतात. सहा महिने अंधारात बसणाऱ्यांना आनंद काय कळणार, आमचे सण बघा, आमची कुटुंबं बघा!

चिडण्याआधी प्रश्न तरी वाचावा. ज्या प्रश्नावर ही क्रमवारी ठरते, त्यात आनंद हा शब्दच नाही. गॅलप या पाहणी संस्थेची माणसं दरवर्षी बहुतेक देशांत हजारेक लोकांना गाठून विचारतात : एक शिडी आहे असं समजा. तळाला शून्य, टोकाला दहा. तुमच्या दृष्टीने सगळ्यांत चांगलं आयुष्य टोकाला, सगळ्यांत वाईट तळाला. आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? बस्स, एवढंच. तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी म्हणजे त्या देशाचा आनंद. उत्पन्न, आयुर्मान, भ्रष्टाचार अशा सहा गोष्टींची बेरीज करून गुण देतात असं बातम्यांत छापून येतं, ते चूक आहे. देशादेशांत फरक का पडला असावा, हे मागाहून समजून घेण्यासाठी त्या सहा गोष्टी आहेत. शिडीची कल्पना हॅडली कँट्रिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, 1965 सालच्या त्याच्या पुस्तकातली. 2025च्या अहवालात तिच्यावर फिनलंड पावणेआठच्या आसपास उभा होता आणि आपण साडेचारच्या जरा खाली.

आकड्यांशी माझं भांडण नाही. माझं भांडण शिडीशी आहे.

मराठीत पायरी हा शब्द साधा नाही. 'पायरी सोडून बोलू नकोस', 'आपली पायरी ओळखून राहावं' हे लहानपणी कुणी ऐकलं नाही? आपल्याकडे पायरी विचारणं म्हणजे तुझ्या वर कोण आणि खाली कोण, हे विचारणं. प्रश्न आयुष्याबद्दलचा असतो, उत्तर मात्र हुद्द्याचं येतं. आणि हा मराठी कानाचाच दोष आहे असंही नाही. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढाकार घेऊन ब्रिटनमधल्या दीडेक हजार प्रौढांवर एक प्रयोग केला, तो 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना मूळ प्रश्न विचारला, काहींना शिडी काढून टाकून, शब्द बदलून. शिडी दिसली की लोकांच्या मनात पैसा आणि सत्ता अधिक येत होती; ती काढली की तो विचार मागे पडत होता. इंग्रजांच्या डोक्यात शिडी इतकं करत असेल, तर आपल्या डोक्यात काय करत असेल?

कारण आपला समाजच मजल्यांचा. 31 जानेवारी 1920च्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात आंबेडकरांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली आहे. एकेक जात म्हणजे त्याचा एकेक मजला, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला शिडी नाही. जिथे शिडीच नाकारली गेली, तिथल्या माणसाला आपण शिडीचं चित्र दाखवून विचारतो, सांगा, कितवी पायरी?

पंढरपूरला महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी ती सगळ्यांत खालची जागा मागून घेतली, असं वारकरी सांगतात. तिच्यासमोर चोखोबांची समाधी. त्यांनी ती जागा मागून घेतली नव्हती; त्यांना आत येऊच दिलं नव्हतं. ते दार उघडायला साने गुरुजींचं उपोषण आणि 1947 साल यावं लागलं. पाहणीचा कागद घेऊन कुणी गेलं तर दोघांच्या नावापुढे शून्याच्या आसपासचाच आकडा पडेल.

तरीही 'आमचे गरीब लोक समाधानी आहेत, हे मोजमाप पाश्चात्त्य आहे' असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला बसवू नका. समाधानाची शिफारस माणूस नेहमी दुसऱ्याला करतो. साडेचार हा आकडा काही तरी खरं सांगतोच. दवाखान्याचं बिल, पोराची नोकरी, पोलिस चौकीत आपलं कुणी ऐकेल का, हे सगळं त्यात आहे. रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर या मुलगा-वडिलांच्या जोडीने 2001 मध्ये कोलकात्याचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. झोपडपट्टीत राहणारे, फुटपाथवर राहणारे आणि वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया, मिळून 83 जण. एकंदर आयुष्याबद्दल विचारलं तेव्हा उत्तर मध्याच्या किंचित खाली आलं. पण आयुष्यातल्या एकेका गोष्टीबद्दल वेगवेगळं विचारलं, तर सरासरी समाधानाकडे झुकली. मला हे फार ओळखीचं वाटतं. 'कसं काय?' म्हटलं की 'चाललंय' म्हणणारा माणूस नातीचं नाव काढलं की अर्धा तास बोलतो.

या स्तंभासाठी म्हणून मी आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना शिडीचा प्रश्न विचारला. त्यांनी लाटणं थांबवलं नाही.

"माझी सांगू का पोराची, ताई?"

तुमची, म्हटलं.

"मग तीन लिहा." दोन पोळ्या झाल्यावर म्हणाल्या, "त्याची सात आहे. बँकेत लागलाय." आणि तवा उतरवताना, "पण त्याची सात आहे म्हणजे माझी तीन कशी राहील? थांबा, खोडा ते."

खोडलं. नवीन आकडा त्यांनी अजून सांगितलेला नाही.