फोर्डने शौकिनांना नाराज केलं, आणि बरोबरच केलं!

मागच्या व्हिडिओत फोर्ड जीटीचा विषय ओझरता आला होता. तिथे वेळ पुरला नाही, म्हणून इथे सविस्तर सांगतो. गाडी आपल्याला घ्यायची नाहीये, त्यामागचा निर्णय समजून घ्यायचाय.

१९६६ मध्ये फोर्डने फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. त्या गाडीत ७ लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन होतं. अमेरिकन सुपरकार म्हणजे व्ही-८, हे शौकिनांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

२०१५ मध्ये फोर्डने नवी जीटी दाखवली. तिच्यात काय, तर ३.५ लिटरचं, दोन टर्बोचं व्ही-६! याच घराण्यातलं इंजिन कंपनीच्या एफ-१५० पिकअपमध्ये मिळतं. शौकीन भडकले. चार लाख डॉलरच्या वर मोजायचे आणि पिकअपचं इंजिन घ्यायचं?

त्यांचा राग उगाच नव्हता. सुपरकारमध्ये इंजिनाचा आवाज हासुद्धा मालाचाच भाग असतो, आणि व्ही-८ची गुरगुर व्ही-६मध्ये येत नाही. पण फोर्डने आधी हेतू ठरवला होता: २०१६ मध्ये, पन्नास वर्षांनी, पुन्हा ल माँला जिंकायचं. इंजिन लहान, म्हणून गाडीची मागची बाजू निमुळती करता आली आणि दोन्ही बाजूंनी हवेला वाट मिळाली. ताकद ६४७ अश्वशक्ती. २०१६ मध्ये जीटीने आपल्या गटात ल माँ जिंकली. पहिल्या ५०० गाड्यांसाठी साडेसहा हजार अर्ज आले!

आता शेव्हरोलेचं बघा. नव्या कॉर्व्हेटमध्ये त्यांनी इंजिन सीटच्या मागे नेलं, पण ठेवलं जुन्या पुशरॉड पद्धतीचंच ६.२ लिटरचं व्ही-८. काहींनी नाक मुरडलं. पण २०२० मॉडेलची सुरुवातीची किंमत ६० हजार डॉलरच्या आत राहिली. ज्यांना जास्त हवं, त्यांच्यासाठी नंतर झेड-०६ आली: ५.५ लिटर, ६७० अश्वशक्ती, ८६०० आरपीएम. किंमत मात्र लाखाच्या वर.

माझं मत स्पष्ट आहे. दोन्ही कंपन्या बरोबर, कारण दोघांनीही आधी ठरवलं की कोणत्या ग्राहकासाठी काय बनवायचं आणि कोणाची नाराजी पत्करायची. शर्यत जिंकणारी, स्वस्त आणि गुरगुरणारी, हे तिन्ही एकाच गाडीत बसवायला गेलात तर धड एकही होत नाही.

आपल्या धंद्यातही हेच होतं. दुकानात येऊन सल्ला देणारे दहा असतात, बिल करणारे दोन. सल्ला सगळ्यांचा ऐका, त्यातलं खरं असेल ते घ्या. पण माल बदलण्याआधी वहीत एक ओळ लिहा: "माझा माल कोणासाठी, कशासाठी?" ती ओळ लिहिता येत नसेल, तर अजून इंजिन निवडायची वेळ आलेली नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत!