राखणीची पाळी कोणाची?

आमच्या बेलापूरला उसात बिबट्या दिसल्याची बातमी आली की पहिल्या रात्री अख्खं गाव जागं असतं. दुसऱ्या रात्री निम्मं. तिसऱ्या रात्री प्रत्येकाला वाटतं, कोणीतरी जागं असेलच. मग एखादा जाणता माणूस वही काढतो आणि पाळ्या लिहितो : आज या गल्लीतले चौघं, उद्या त्या मोहल्ल्यातले चौघं. खरी राखण त्या वहीपासून सुरू होते.

लिनक्सबद्दल मला हेच म्हणायचं आहे. लिनस टोर्व्हाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेला हा कर्नल म्हणजे संगणक प्रणालीचा गाभा. कोणत्या प्रोग्रामला मेमरीपर्यंत, फायलींपर्यंत, नेटवर्कपर्यंत पोचू द्यायचं, हे तोच ठरवतो. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच आहे. त्याचा कोड सगळ्यांना खुला असल्यामुळे चूक लपून राहत नाही, असं आपण अभिमानाने सांगतो. ते अर्धंच खरं आहे.

‘डर्टी काऊ’ नावाची खोट पाहा. साधा वापरकर्ता तिच्या आधारे संपूर्ण यंत्राचा मालक होऊ शकत होता. २००७ पासूनच्या आवृत्त्यांत ती होती आणि दुरुस्त झाली ऑक्टोबर २०१६ मध्ये. लिनसने स्वतः कितीतरी आधी ती बुजवायचा प्रयत्न केला होता, पण दुसऱ्या अडचणीमुळे ती दुरुस्ती मागे घ्यावी लागली. इतकी वर्षं कोड जगासमोर उघडा होता. पुढे २०१७ मध्ये याच खोटीचा फायदा घेणारं अँड्रॉइडवरचं मालवेअर सापडलं. त्याचे बळी मुख्यतः चीनमधले आणि आपल्या भारतातले होते.

म्हणजे हा परदेशातल्या इंजिनिअरांचा प्रश्न नाही. अब्बांच्या भाजीच्या गाड्यावर लावलेला क्यूआर कोड ज्या फोनला जोडला आहे, त्याचं सेटिंग मी उघडून पाहिलं. शेवटचा सुरक्षा अपडेट तीन वर्षांपूर्वीचा होता. दिवसाची सगळी कमाई त्याच फोनवर येते.

कर्नलची सुरक्षा पाहणारी मंडळी थोडी आहेत. कोणी खोट कळवली की ती खासगीत तपासतात, दुरुस्ती तयार करतात आणि ती साधारण सात दिवसांहून जास्त रोखून ठेवत नाहीत. फारच अपवाद असेल तर चौदा दिवस. फेब्रुवारी २०२४ पासून खोटींना अधिकृत सीव्हीई क्रमांक देण्याचं कामही कर्नलवाल्यांनी स्वतःकडे घेतलं आहे, आणि असे क्रमांक वर्षाला हजारोंनी निघतात. ते वाचून आपल्या यंत्राला कोणती खोट लागू आहे हे पाहायला माणसं लागतात.

माणूस एकटा पडला की काय होतं, ते मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ प्रकरणात दिसलं. थकलेल्या एका देखभालकर्त्याला मदत करतो म्हणत कोणी एक जण दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावत राहिला आणि शेवटी त्याने कोडमध्ये चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून तो उघडकीला आला. आपण दर वेळी अशा नशिबावर विसंबणार का?

माझं म्हणणं असं : बेलापूर-श्रीरामपूरसारख्या गावांत आपण पाच-पाच जणांचे गट करावेत. एकदम कर्नलच्या सुरक्षा पथकात कोणी घेणार नाही. तिथला विश्वास वर्षानुवर्षांच्या कामाने मिळतो. पण दाराशी भरपूर काम पडलं आहे. कर्नलच्या स्थिर आवृत्तीचा मसुदा जवळपास दर आठवड्याला येतो आणि तपासायला साधारण दोन दिवस मिळतात. तो आपल्या लॅपटॉपवर बांधायचा, चालवायचा आणि ‘चालला’ किंवा ‘इथे अडला’ एवढं कळवायचं. आपल्याकडची दहा वर्षं जुनी यंत्रं इथे कमीपणा नाही, उलट उपयोगाची आहेत. मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळेत तसली यंत्रं क्वचितच उरली असतील. हे काम घरून, रात्री, कॉलेज सांभाळून होतं. मुलींनी यात मागे राहायचं काहीच कारण नाही.

वहीत नियम मात्र आधी लिहा. प्रत्येक कामावर दोघं. थकलेल्याने न लाजता सांगायचं आणि पाळी दुसऱ्याने घ्यायची. फक्त स्वतःच्या यंत्राला हात लावायचा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे. आणि नवी खोट सापडली तर ती अमानत. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फुशारकी मारायला नाही, फक्त दुरुस्त करणाऱ्यांना कळवायला.

हे सगळं घरी सांगितलं तेव्हा अम्मी म्हणाली, “सिक्युरिटी, हॅकिंग असलं काही नको. आपलं नाव काय आहे ते लक्षात ठेव.” तिची भीती मी हसण्यावारी नेली नाही. ती आपल्यातल्या कितीतरी घरांत आहे, आणि उगाच नाही. पण तिला मी कर्नलची नोंद दाखवली. तिथे प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याचं नाव असतं, निनावी काही घेतच नाहीत. तपासणाऱ्याचं नावही नोंदतात. जगात कुणीही ते उघडून वाचू शकतो. लपून करायचं यात काही नाही.

ती थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “आधी अब्बांचा फोन बघ.”

बरोबर आहे. सुरुवात तिथूनच करू. या रविवारी आपापल्या घरातले फोन उघडा, शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख वहीत लिहा आणि खाली पहिल्या पाळीसाठी स्वतःचं नाव.