जुना म्हणजे बिघडलेला नव्हे

अब्बांनी तहसील कचेरीबाहेर बसून वीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप केले. त्यांचा कीबोर्ड जाडजूड, गोल जांभळ्या टोकाच्या वायरीचा. गेल्या महिन्यात जुना संगणक कायमचा बंद पडला, म्हणून मी नवा आणला. त्याला त्या गोल टोकाची जागाच नव्हती. दुकानदाराने एक छोटा जोड लावून ते यूएसबीत खुपसलं. एकही दिवा लागला नाही. "चाचा, हा गेला. भंगारात टाका," तो म्हणाला. अब्बा काही बोलले नाहीत.

मी तो कीबोर्ड शेजारच्या जुन्या संगणकाला लावून पाहिला. व्यवस्थित चालला! मग बिघाड कुठे होता?

गोल टोकाच्या त्या जोडणीला पीएस-टू म्हणतात. आयबीएमने ती १९८७ साली आणली. यूएसबी त्यानंतर जवळपास दहा वर्षांनी आली आणि तिची बोलण्याची पद्धतच वेगळी. साधा जोड फक्त तारांना तारा जुळवतो, दुभाषाचं काम करत नाही. ज्या कीबोर्डला दोन्ही पद्धती येतात, त्यालाच तो चालतो. अब्बांच्या कीबोर्डला एकच येत होती. त्याला हवा होता आत चिप असलेला कन्व्हर्टर. तो मागवला, लावला आणि नमलॉकचा दिवा लागला.

तुमच्याकडेही असं झालं, तर आधी टोकातली एखादी पिन वाकली आहे का पाहा. नव्या संगणकाला गोल जागा असेल, तर तो बंद करूनच वायर लावा. चालू संगणकात लावलेला असा कीबोर्ड बहुधा ओळखला जात नाही. जागा नसेल, तर चिपवाला कन्व्हर्टर घ्या. भंगाराचा विचार त्यानंतर.

आमची अडचण एवढ्यावर संपली नाही. अब्बांचा हात टाइपरायटरच्या रेमिंग्टन पद्धतीवर बसलेला. नव्या संगणकात मराठी सुरू केली, तर निघाली इन्स्क्रिप्ट. बोट ओळखीच्या कळीवर, अक्षर भलतंच. ते म्हणाले, "आता कीबोर्ड चांगला, मीच बिघडलो." खरं तर कीबोर्ड फक्त कोणती कळ दाबली एवढंच कळवतो, अक्षर कोणतं उमटवायचं ते संगणक ठरवतो. रेमिंग्टनचा लेआउट वेगळा बसवला आणि बोटं पुन्हा धावू लागली.

मला राग आहे तो त्या "हा गेला" म्हणण्याच्या घाईचा. दुकानदाराने एवढंच म्हटलं असतं, "चाचा, जोड चुकीचा आहे," तर एका म्हाताऱ्या माणसाने आठवडाभर स्वतःला निकामी समजलं नसतं. नव्या यंत्राला जुन्याची भाषा येत नाही, यात जुन्याचा काय दोष? निकाल देण्याआधी दुभाषा शोधायला हवा. वस्तूंसाठी तर हवाच, पण वीस वर्षं ज्यांनी आपले अर्ज लिहून दिले त्या हातांसाठी आधी हवा.