कैवारी

ख्रिस्ती माणसाने वकिली करावी का? प्रश्न जुनाच आहे. रविवारी उपासना संपल्यावर चहा घेताना आमच्या मंडळीत तो अधूनमधून निघतोच. आता तो आमच्या घरातही आला आहे. माझ्या बहिणीच्या नातीला सनद मिळाली, आणि मोफत कायदेशीर मदतीतून तिला पहिलं काम मिळालं ते चोरीचा आरोप असलेल्या एका मुलाच्या बचावाचं. घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी लगेच सुनावलं, "रविवारी प्रार्थना आणि सोमवारी चोराची बाजू?" पोर गप्प बसली. मला मात्र गप्प बसवेना.

या आक्षेपाला शास्त्राचा आधार दाखवता येतो. डोंगरावरील प्रवचनात येशू सांगतो की, वाद असेल तर न्यायाधीशापुढे जाण्याआधी वाटेतच मिटवा. पौलानेही करिंथच्या मंडळीला आपसांतले तंटे कोर्टात नेण्यावरून फटकारलं आहे. आपल्याकडे तरी वेगळं काय म्हणतात? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. पण हा उपदेश भांडणाऱ्यांना आहे. पोलिसांनी धरून आणलेला आरोपी पायरी चढत नाही, त्याला चढवतात. त्याच्यासोबत कोणी जायचं की नाही, एवढाच इथे प्रश्न आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय काढून पाहा. परूशी येशूवर खवळलेले असताना त्यांच्यातलाच निकदेम विचारतो की, माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय आणि त्याने काय केलं हे समजून घेतल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं का? प्रश्न साधा होता, पण त्यालाच टोमणे ऐकावे लागले. पुढे खुद्द येशूचा खटला चालला तेव्हा पिलातापुढे त्याची बाजू मांडायला एकही माणूस उभा नव्हता. ज्या धर्माच्या मध्यभागी असा खटला आहे, त्या धर्माच्या माणसाला आरोपीच्या शेजारी उभं राहायची लाज का वाटावी?

मी आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे शब्दापाशी थांबायची खोड आहे. योहानाने पवित्र आत्म्यासाठी जो ग्रीक शब्द वापरला, त्याचा अर्थ मदतीला बोलावलेला, बाजूने उभा राहणारा असा आहे. मराठी बायबलमध्ये त्याला 'कैवारी' म्हटलं आहे. किती नेमका शब्द! योहानाच्या पहिल्या पत्रात तोच शब्द ख्रिस्तासाठी येतो, आणि तोही ज्याच्या हातून पाप घडलं त्याचा कैवारी म्हणून. उलट 'सैतान' या हिब्रू शब्दाचा अर्थ विरोधक, आरोप करणारा. (सरकारी वकिलांनी रागावू नये, त्यांचंही काम लागतंच!)

आपल्या मातीतलं उदाहरण द्यायचं तर कॉर्नेलिया सोराबजींचं. जन्म नाशिकचा, १८६६ चा. वडील पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. बाई म्हणून पदवी हातात पडायला १९२२ साल उजाडलं. सनद नसतानाही १८९६ मध्ये पुण्यात त्यांनी खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीचा बचाव केला. पुढे १९०४ पासून बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या कामात राहून, पडद्याआडच्या विधवांचे आणि पोरक्या मुलांचे मालमत्तेचे हक्क सांभाळले. त्यांची राजकीय मतं मला पटत नाहीत, पण कैवार घेणं म्हणजे काय ते त्यांच्याकडून शिकावं.

"मावशीआजी, तो खरंच चोर असेल तर?" नातीने विचारलं. असेल तर शिक्षा होऊ दे. पण त्याचं ऐकून होऊ दे, पुराव्यावर होऊ दे, आणि कायद्यात आहे तेवढीच होऊ दे. बार कौन्सिलचा नियमही हेच सांगतो. आरोपी दोषी आहे असं मनाला वाटलं तरी वकिलाने त्याचा बचाव करावा, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कोणालाही दोषी धरू नये ही कायद्याची मागणी आहे.

मात्र कैवार घेणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. साक्षीदाराला पढवणं, खोटं प्रतिज्ञापत्र करणं, समोरचा थकून जावा म्हणून तारखांवर तारखा मागणं, गरिबाकडून फी घेऊन त्याच्या कामाला हजरच न राहणं. ख्रिस्ती वकिलाची खरी परीक्षा इथे आहे. या गोष्टी बिनदिक्कत करून फक्त 'चांगल्या' लोकांच्या केसेस घेणारा वकील मला जास्त अधार्मिक वाटतो.

आमच्या मंडळीत डॉक्टर, नर्स, शिक्षक यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना होते. वकिलांसाठी झालेली मी अजून ऐकलेली नाही. ती सुरू व्हावी. त्यांना तिची गरज आपल्यापेक्षा जास्तच असेल.