शब्दांची शाळा : ब्लॉकवर कोण आहे?

बालमित्रांनो, दहावीची परीक्षा देणाऱ्या ताई-दादांचा एक प्रश्न तुम्ही ऐकला असेल, "आज आपल्या ब्लॉकवर कोण आहे?" ब्लॉक म्हणजे परीक्षेची खोली आणि 'कोण' म्हणजे सुपरवायझर! आपल्या महाड-पोलादपूरकडे तोंडात हाच शब्द बसलाय. मराठीत त्यांना म्हणायचं पर्यवेक्षक. बाई असतील तर पर्यवेक्षिका.

शब्द जड वाटतो ना? फोडून बघू या. परि म्हणजे सगळीकडून, अवेक्षण म्हणजे लक्ष देणे. परि + अवेक्षक = पर्यवेक्षक, म्हणजे चहूकडे लक्ष देणारा.

यातला मूळ धातू 'ईक्ष्', म्हणजे पाहणे. परीक्षक, निरीक्षक, अधीक्षक, प्रेक्षक ही सगळी त्याचीच भावंडं. पण प्रत्येकाचं पाहणं वेगळं. पर्यवेक्षक खोलीवर लक्ष ठेवतात, परीक्षक उत्तरपत्रिका तपासून गुण देतात. म्हणून पेपर चालू असताना "परीक्षक आले" म्हणू नये. सगळं केंद्र सांभाळतात ते केंद्रसंचालक, प्रश्नपत्रिका जपून ठेवतात ते परिरक्षक आणि अचानक येऊन तपासणी करतं ते भरारी पथक. हायस्कुलात 'पर्यवेक्षक' हे कायमचं पदही असतं. तेव्हा संदर्भ बघून अर्थ घ्यावा.

आता एक गंमत. परि + ईक्षा असं जोडताना इ आणि ई मिळून दीर्घ ई होते. म्हणून 'परीक्षा'तली री दीर्घ. परि + रक्षक यात मात्र पुढे ई नाहीच, म्हणून 'परिरक्षक'मधली रि ऱ्हस्व. 'परिक्षा' लिहिलंत, तर नावातच गुण गेला!

शिष्यवृत्तीच्या परीक्षेला वाडीवस्तीवरची मुलं पहिल्यांदाच परक्या शाळेत बसतात. समोर अनोळखी पर्यवेक्षक. काही जण भीतीनं तोंडच उघडत नाहीत. पण प्रश्नपत्रिकेचं पान कोरं निघालं, बैठक क्रमांक लिहिताना अडलं, पोटात दुखायला लागलं, तर खुशाल हात वर करा. उत्तर तेवढं विचारायचं नाही! भाताची राखण करणारा रानडुकरांचा वैरी असतो, भाताचा नव्हे. चोराच्या मनात चांदणं. खिशात चिठ्ठी नसेल, तर घाबरायचं कशाला?

पालकांनो, "सुपरवायझर पकडतील हं!" असा धाक घालू नका. "अडलं तर त्यांना सांग," एवढंच म्हणा.

सांगा पाहू : 'प्रतीक्षा' या शब्दातली ती दीर्घ का? फोड करून वहीत लिहा आणि आपल्या बाईंना किंवा गुरुजींना दाखवा.