आपल्याच विद्यापीठाचा पंतप्रधान, आणि दोन हिशेब

धरमपेठेत कॉफी हाऊस चौकात उभं राहून दहा कॉलेजकुमारांना विचारा : नागपूर विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतलेला, नागपूर जिल्ह्यातल्या मतदारसंघातून दोनदा लोकसभेवर गेलेला आणि पुढे पंतप्रधान झालेला माणूस कोण? दोघांनी बरोबर उत्तर दिलं तरी पुष्कळ. उत्तर आहे पी. व्ही. नरसिंह राव. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झालं तेव्हा तुमच्या मोबाइलवर दोन दिवस त्यांचे फोटो फिरले असतील. मग संपलं.

राव नागपूरला आले ते हौसेने नाही. निजामाच्या राज्यात ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून कॉलेजातून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला, त्यांतले ते एक. वारंगळकडचा हा तेलुगू मुलगा मराठी अशी शिकला, की पुढे हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्याने तेलुगूत नेली. म्हणून १९८४ मध्ये काँग्रेसने त्यांना रामटेकमधून उभं केलं तेव्हा ‘बाहेरचा उमेदवार’ हे लेबल त्यांना नीट चिकटलं नाही. त्या निवडणुकीत ते आपल्या जुन्या हनमकोंडा मतदारसंघात हरले आणि रामटेकमधून निवडून आले. दिल्लीचं तिकीट त्यांना आपल्या लोकांनी काढून दिलं, असं म्हणा ना! १९८९ मध्ये देशात काँग्रेसची सत्ता गेली, तरी रामटेकने त्यांना पुन्हा पाठवलं.

१९९१ ची निवडणूक मात्र त्यांनी लढवलीच नाही. सत्तरीला आले होते, दिल्लीतलं सामान आवरायला घेतलं होतं. २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली आणि बरोबर महिन्याने, २१ जूनला, राव पंतप्रधान झाले. बहुमत नाही, खासदारकी नाही, आणि तिजोरीत परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं. जुलैत सुमारे ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं.

पुढची गोष्ट तुम्हाला ‘मनमोहन सिंगांचं बजेट’ म्हणून शिकवतात. ते खरं आहे, पण अर्धं. उद्योग खातं रावांनी स्वतःकडे ठेवलं होतं. २४ जुलै १९९१ रोजी बजेट येण्याच्या काही तास आधी नवं औद्योगिक धोरण लोकसभेत मांडलं गेलं, तेही राज्यमंत्र्याकरवी. १८ उद्योग सोडले तर बाकी सगळ्यांचं लायसन्स रद्द! चाळीस वर्षांची व्यवस्था मोडणारी बातमी दुसऱ्या दिवशी बजेटच्या मथळ्यांखाली दबली. माझ्या मते हा योगायोग नव्हता. आंध्रचे मुख्यमंत्री असताना रावांनी जमीन सुधारणा उघडपणे रेटल्या होत्या. बड्या जमीनदारांचा विरोध आणि ‘जय आंध्र’ आंदोलन यांच्या कात्रीत सापडून १९७३ मध्ये त्यांची खुर्ची गेली. तेव्हापासून मोठं काम आवाज न करता करायचं, आणि भाषणात मात्र ‘नेहरूंचंच धोरण पुढे नेतोय’ म्हणायचं, ही त्यांची रीत झाली.

यात तुमचं काय? बरंच आहे. आयटी कंपनीत प्लेसमेंट, खासगी बँकेतली नोकरी, हातातला फोन, या सगळ्याची वाट त्या दुपारी मोकळी झाली. पण लायसन्स गेलं म्हणजे कारखाना कुठे काढायचा हे सांगणारं सरकारही मागे हटलं. भांडवल तयार रस्ते, वीज, बंदर आणि माणसं असतील तिकडे गेलं, म्हणजे पुणे, बंगळूर, हैदराबाद. नागपूरची पोरं डिग्री घेऊन पुण्याची गाडी पकडतात, त्यामागे हेही एक कारण आहे. रामटेकच्या जुन्या खासदाराने केलेल्या सुधारणांचा सगळ्यात मोठा वाटा रामटेकला मिळाला नाही.

आता दुसरा हिशेब. ६ डिसेंबर १९९२. उत्तर प्रदेश सरकारने सुप्रीम कोर्टात मशिदीच्या रक्षणाची हमी दिली होती आणि रावांनी त्या हमीवर विसंबून राष्ट्रपती राजवट लावली नाही. कायदा-सुव्यवस्था राज्याचा विषय, हा त्यांचा बचाव. कायद्याच्या विद्यार्थ्याला तो पटण्यासारखाही वाटेल. पण जवळच थांबलेलं केंद्रीय दल तिथेच थांबून राहिलं, मशीद पडली, आणि पुढच्या दोन महिन्यांत एकट्या मुंबईच्या दंगलीत सुमारे ९०० माणसं मेली. आवाज न करता, वेळ काढत निर्णय घ्यायची जी सवय १९९१ मध्ये कामी आली, तीच इथे घातक ठरली. मला तरी हे दोन वेगळे राव वाटत नाहीत.

जुलै १९९३ मध्ये त्यांच्यावरचा अविश्वास ठराव १४ मतांनी पडला. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी त्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप झाला. खटल्यात २००० मध्ये राव दोषी ठरले, २००२ मध्ये दिल्ली हायकोर्टात सुटले. ही नोंद दोन्ही बाजूंनी ठेवायला हवी. मधल्या काळात, १९९८ मध्ये, सुप्रीम कोर्टाने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं, की लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदारावर खटला चालत नाही. अनुच्छेद १०५ चं संरक्षण! ती केस त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आणि बघा, ९ फेब्रुवारी २०२४ ला भारतरत्न जाहीर झालं, ३० मार्चला ते राष्ट्रपती भवनात रावांच्या मुलाने स्वीकारलं. या दोन तारखांच्या मधेच, ४ मार्चला, सात न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने तो १९९८ चा निकाल रद्द केला. टीव्हीवर पहिली बातमी तासन्‌तास चालली, दुसरी थोडा वेळ. दुसरीचा परिणाम मात्र आजच्या प्रत्येक आमदार-खासदारावर होतो. आमदार इकडून तिकडे जाताना पाहत तुम्ही मोठे झालात, तेव्हा या बातमीकडे जास्त लक्ष द्यायला हरकत नाही.

डिसेंबर २००४ मध्ये राव गेले, तेव्हा त्यांचं पार्थिव दिल्लीत काँग्रेस मुख्यालयाच्या आत नेऊ दिलं गेलं नाही. अंत्यसंस्कार हैदराबादला झाले. वीस वर्षांनी सन्मान दिला तो विरोधी पक्षाच्या सरकारने, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर. म्हणजे टाळण्यातही राजकारण आणि गौरवातही. तुम्ही लॉ कॉलेज चौकातल्या लायब्ररीत बसत असाल तर एक करा. १९९८ च्या निकालातलं दोन न्यायमूर्तींचं अल्पमत आधी वाचा आणि मग २०२४ चा निकाल. सव्वीस वर्षांपूर्वी हरलेल्या त्या दोघांचंच म्हणणं सातही जणांनी उचलून धरलंय.