यॉर्कची भिंत आणि हुलग्याचे शेंगोळे

ऑनसाईटला आलेल्या मराठी माणसाची यॉर्क-वारी अगदी ठरलेली असते. लीड्सहून सकाळची गाडी, पंचवीस-तीस मिनिटांत यॉर्क. स्टेशनाबाहेर पडलं की समोरच शहराची तटबंदी. मग मिन्स्टर (तिकीट बघून अर्धे लोक बाहेरूनच फोटो काढतात), मग शॅम्बल्सची चिंचोळी गल्ली, तिथे सेल्फी, नदीकाठी बाकावर बसून पोळी-भाजीचे रोल, संध्याकाळी परत. आणि सोमवारी ऑफिसच्या पॅन्ट्रीत ठरलेलं वाक्य: "काय जपलंय राव यांनी! आपल्याकडे असं काही नाहीच. आणि असलं तरी आपल्या लोकांच्या रक्तातच नाही ते."

माझं भांडण या रक्ताशी आहे.

मी स्वतः दोन दिवस यॉर्कमध्ये काढले, निवांत. तटबंदीवरून चाललो, साधारण साडेतीन किलोमीटर, फुकट. आणि मग त्या भिंतीचा इतिहास वाचला. मंडळी, १८०० साली याच शहराच्या नगरपालिकेने ही भिंत पाडायची परवानगी मागितली होती! कारणं तीच, आपल्या ओळखीची: दुरुस्तीला पैसे नाहीत, वेशी अरुंद, वाहतुकीला अडथळा. सगळी भिंत वाचली, असंही नाही. काही तुकडे गेले, वेशींपुढचे बुरुजबंद चौक पाडले, त्यातला फक्त वॉमगेटचा उरला. बाकीची वाचली, कारण गावातली माणसं भांडली. विल्यम एटी नावाचा चित्रकार त्यात पुढे होता. लोकांनी वर्गणी काढून भिंतीवरची पायवाट दुरुस्त करून घेतली. म्हणजे ज्याला आपण 'संस्कृती' म्हणतो ती दोनशे वर्षांपूर्वीची एक गावभानगड आहे, फक्त निकाल बरोबर लागला.

रक्त-बिक्त काही नाही.

आता आमच्याकडे या. मी कड्याचा. कडा म्हणजे बीड जिल्हा, आष्टी तालुका (सांगावं लागतं, सवय आहे). जिल्हा बीड असला तरी आमचं 'शहर' नगर, पन्नासेक किलोमीटरवर. आता सरकारी कागदावर अहिल्यानगर. दवाखाना नगरला, लग्नाचा बस्ता नगरला, पोराच्या क्लासची चौकशी नगरला. आमच्या भागातली माणसं जन्मभर नगरला जातात आणि नगर बघायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. १४९० साली वसलेलं शहर. इथल्या किल्ल्यात चांदबिबीने मोगलांना थोपवलं, इथेच १९४२ ते १९४५ काँग्रेसचे पुढारी कैदेत होते, नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिलं. (किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे तिथले नियम त्यांचे.)

आणि फराह बाग! १५८३ साली पूर्ण झालेला अष्टकोनी महाल, भल्या मोठ्या तळ्याच्या मधोमध. निजामशाहीत या शहराला बाहेरून जमिनीखालच्या नळांनी पाणी यायचं. आपण पॉवरपॉईंटमध्ये चार चौकोन काढून बाण जोडतो आणि त्याला आर्किटेक्चर म्हणतो, तेव्हा मला हमखास ते नळ आठवतात. मी गेलो तेव्हा तिथे तीन माणसं होती: मी, माझा मित्र आणि शेळ्या राखणारे एक काका. काकांनाच जास्त माहिती होती.

दमडी मशिदीची गोष्ट तर अजून भारी. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी रोजच्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्यातून ती उभी राहिली, असं सांगतात. यॉर्कच्या पायवाटेची वर्गणी ऐकून गहिवरता ना? मग ही घ्या आपली.

इथे हमखास एक जण उठून विचारतो, पण निजामशाही 'आपली' का? अरे बाबा, मालोजीराजे, शहाजीराजे कुणाच्या दरबारात होते? आणि यॉर्कवाले काय करतात बघ. व्हायकिंगांनी ८६६ साली त्यांचं शहर जिंकलं. आज त्याच व्हायकिंगांच्या नावाने १९८४ पासून जॉर्विक सेंटर चालू आहे, तिकीट लावून. तिथे एका व्हायकिंगाची वाळलेली विष्ठा काचेच्या पेटीत ठेवली आहे, आणि तुम्ही-आम्ही पाऊंड मोजून ती बघून येतो. त्यांनी शी दाखवली तर तो वारसा, आणि आपल्या महालाबद्दल आपण विचारणार की आधी जात-धर्म सांगा. धन्य!

पण माझा खरा राग खाण्यावर आहे.

यॉर्कमध्ये लोक बेटीजबाहेर रांग लावतात, १९३६ पासूनचं चहाघर. (काढणारा मूळचा स्विस. असो.) आणि सगळीकडे यॉर्कशायर पुडिंग. हे पुडिंग म्हणजे काय? मैदा, अंडी, दूध, आणि भाजताना मांसातून गळलेली चरबी. मांस महाग, म्हणून आधी हे वाढायचं, पोट भरलं की मांस कमी लागतं. शुद्ध काटकसरीचं खाणं. आज ते मेनूकार्डावर ठळक अक्षरांत आहे, त्याचा रॅप करून विकतात आणि आपण त्याचे फोटो काढून घरी पाठवतो.

आता आमचे शेंगोळे. हुलग्याचं पीठ, लसूण, मिरची, जिरं. हाताने वळायचे आणि उकळत्या रश्श्यात सोडायचे. हुलगा कमी पाण्यावर येतो, म्हणून आमच्या भागात हे घराघरात. सोबत बाजरीची भाकरी. येसर आमटीचंही तसंच. थंडीत याच्यासारखं काही नाही. पण पुण्याचे पाहुणे आले की आई पहिलं काय म्हणते? "अगं बाई, त्यांना हे कसं वाढायचं?" आणि पनीर आणायला पिटाळते. नगरच्या रस्त्यावर कुठल्याही मोठ्या हॉटेलात बसा: पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, चायनीज. तिथे शेंगोळे मागितले तर वेटर असा बघतो की जणू तुम्ही त्याच्या घरच्या गरिबीबद्दलच विचारलंत.

हा फरक आहे. दुष्काळी खाणं दोघांचंही. ते विकतात, आपण लपवतो. आणि लपवतो कुणापासून? आपल्यासारख्यांपासून! वीकेंडला गाडी घेऊन येणाऱ्या, 'ऑथेंटिक' शोधणाऱ्या आणि शेवटी पनीरच मागवणाऱ्या लोकांपासून. हॉटेलवाला तेच शिजवतो जे खपतं. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही.

"सरकारने करायला पाहिजे" हे मान्य. वाचता येईल अशी माहिती, स्वच्छतागृह, सावली, चहाची टपरी, एवढं तर झालंच पाहिजे, आणि त्यात रॉकेट सायन्स नाही. पण जिथे कुणी फिरकतच नाही तिथे हे मागणार कोण? यॉर्कची भिंत वाचली तेव्हा तिच्यासाठी भांडणारी माणसं तिथे होती. नुसतं शहराचं नाव बदलून तिथे माणूस येत नाही, आणि नाव बदललं म्हणून नुसतं हळहळूनही येत नाही.

पूर्वी निदान "जायला सोय नाही" म्हणता यायचं. आता तेही नाही. २३ सप्टेंबर २०२२ ला नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली, कड्यालाही स्टेशन झालं. १७ सप्टेंबर २०२५ ला गाडी बीडपर्यंत पोचली. माझ्या आजोबांच्या पिढीने ही रेल्वे फक्त निवडणुकीच्या भाषणात पाहिली होती.

पुण्याहून नगर १२० किलोमीटर आहे. लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही जितका वेळ काढता तेवढ्यात पोचाल. शनिवारी फराह बाग, दमडी मशीद, सलाबतखानाची कबर (लोक तिलाच चांदबिबी महाल म्हणतात). मुक्काम नगरातच करा, पैसे तिथे खर्च करा. रविवारी जमलं तर गाडीने कड्यापर्यंत या. आणि जेवायला बसलात की मेनूकार्ड उघडायच्या आधी शेंगोळे मागा. नाही म्हणतील. शेजारच्या टेबलावरच्यांनाही मागायला सांगा.